धरमकाटा



आज एका शब्दावर बोलू. शब्द तुमच्या रोजच्या तोंडातला आहे. धरमकाटा.

खामगाव, मलकापूर, मेहकर, चिखली, कुठेही जा. रस्त्याच्या कडेला जमिनीबरोबर बसवलेला मोठा काटा दिसतो. भरलेला ट्रॅक्टर त्यावर चढतो. वजन होते. माल उतरवून रिकामा ट्रॅक्टर परत चढतो. पुन्हा वजन होते. दोन्हींतला फरक, ते मालाचे वजन. कोणी त्याला भुईकाटा म्हणतो, कोणी वजनकाटा. पण आपल्याकडे बरेच लोक म्हणतात धरमकाटा.

लोखंडाच्या वस्तूला धर्माचे नाव का बरे दिले असेल? आम्हाला वाटते ते असे. हा काटा विकणाऱ्याचा नाही आणि घेणाऱ्याचाही नाही. माल कमी भरला तर त्याला फायदा नाही. जास्त भरला तर तोटा नाही. म्हणून दोघेही त्याचे ऐकतात. इथे धर्म म्हणजे पूजाअर्चा नव्हे. दुसऱ्याचे त्याला पुरते द्यावे, आपले असेल तेवढेच घ्यावे, एवढाच अर्थ. जुनी माणसे याला इमान म्हणत. पुस्तकात सचोटी म्हणतात. शब्द कोणताही घ्या.

हे इमान बाजारात, सरकारात आणि गावात काय काम करते, ते आज पाहायचे आहे. सुरुवात आपल्या कापसापासून करू. वऱ्हाडच्या माणसाला कापसातले जितके कळते तितके दुसऱ्या कशातले कळत नाही.

खामगावचा कापसाचा बाजार फार जुना. तेव्हा वऱ्हाड नावाला निजामाचे होते, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांच्या हाती आला होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत आपसांतले युद्ध पेटले. तिकडचा कापूस विलायतेला जाईना. विलायतेच्या गिरण्या अडल्या आणि त्यांनी आपल्या कापसाकडे हात पसरले. भाव असे चढले की पूर्वी कोणी पाहिले नव्हते. पुढे १८७० साली जलंबहून खामगावला आगगाडीचा फाटा आला. तो फाटा मुख्यतः कापसासाठीच. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला स्वतः आले होते. एका तालुक्याच्या गावासाठी देशाचा मुख्य अधिकारी येतो, यावरून त्या कापसाची किंमत ओळखा.

पण मंडळी, भाव चढला तसा लोभही चढला. कापसात पाणी मारू लागले. माती, सरकी, दगडसुद्धा घालू लागले. चांगल्या कापसात हलका कापूस मिसळू लागले. हे एकट्या वऱ्हाडात नव्हते. शेतकऱ्यापासून दलालापर्यंत आणि दलालापासून गाठी बांधणाऱ्यापर्यंत जागोजागी चालत होते. शेवटी १८६३ साली मुंबई सरकारला कापसातल्या फसवणुकीविरुद्ध कायदाच करावा लागला. त्याआधी १८२९ सालीही असा एक कायदा झाला होता. म्हणजे चौतीस वर्षांत दुखणे गेले नव्हते! अमेरिकेतले युद्ध थांबले आणि विलायतेचे व्यापारी परत अमेरिकेच्या कापसाकडे वळले. मुख्य कारण आपल्या कापसाचा धागा आखूड, हे खरे. पण आपल्या मालाची घाण आणि भेसळ, ही त्यांची नेहमीची तक्रार होती, हेही तितकेच खरे.

आता दुसरी बाजू पाहा. शेतकरी गाडी घेऊन बाजारात येई. भाव कसा ठरे? दलाल आणि खरेदीदार एकमेकांचे हात रुमालाखाली धरत. बोटे दाबून भाव ठरवत. कोणते बोट दाबले, किती दाबले, हे ज्याचा कापूस त्याला दिसत नसे. मग वजन. काटा व्यापाऱ्याचा, मापारी व्यापाऱ्याचा. पासंग कुठे आहे, दांडी कुणीकडे झुकते, कोण विचारणार? त्यानंतर कापाकापी. अडत, दलाली, हमाली, तोलाई, कडता आणि वर धर्मादाय. धर्मादाय म्हणजे दानधर्मासाठी. दान व्यापाऱ्याच्या नावाने होई, पैसा शेतकऱ्याचा जाई. हा धर्म आम्हाला कधी समजला नाही.

आणि शेवटी चिठ्ठी. चिठ्ठी कोण वाचणार? शेतकरी अंगठेबहाद्दर. चिठ्ठी कोपरीच्या खिशात घालायची आणि घराची वाट धरायची.

म्हणून १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. आपल्या देशातल्या बाजार समित्यांच्या कायद्यांत हा पहिल्यांपैकी एक. वऱ्हाडच्या माणसाने हे लक्षात ठेवावे. बाजार कुठे भरवायचा, दलाल आणि मापारी यांना परवाना द्यायचा, वजने तपासायची, हे काम समितीकडे आले. परवाना आला, की तो काढून घेण्याची भीतीही आली.

पण त्या समित्यांत व्यापाऱ्यांचा भरणा होता. शेतकरी जवळजवळ नव्हताच. मांजराला दुधाची राखण सांगितल्यासारखे झाले! १९२८ साली शेतीविषयीच्या शाही आयोगाने नेमके हेच बोट दाखवले. शेतकऱ्याला समितीत पुरेशी जागा हवी, आणि असे नियमाने चालणारे बाजार देशभर हवेत, असे त्यांनी सांगितले. महाराष्ट्राचा आजचा कायदा १९६३ सालचा आहे. त्यात समितीवर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी जास्त असतात. रुमाल गेला. उघड बोली आली. कायद्यात नाही अशी कपात करता येत नाही.

मग सारे सुधारले का? तुम्ही हसलात. हसण्याचे कारण आम्हाला ठाऊक आहे. समितीची निवडणूक होते, आणि कोण कसे निवडून येते ते तुम्ही आमच्यापेक्षा जास्त पाहिले आहे. कुंपण घालता येते. पण कुंपणच शेत खाऊ लागले तर? कायदा काटा आणून ठेवतो. काट्यापाशी उभा राहणारा माणूस कायद्याला घडवता येत नाही.

आता थोडे हिशेबाचे बोलू. समजण्यासाठी भाव ७,००० रुपये क्विंटल धरा. तुमचा कापूस १० क्विंटल. काट्याने क्विंटलमागे फक्त एक किलो मारला. एकूण १० किलो गेले. म्हणजे ७०० रुपये. एक किलोत काय होते असे म्हणून आपण सोडून देतो. पण ७०० रुपयांत मुलांच्या वर्षाच्या वह्या येतात. असे शंभर शेतकरी झाले तर ७०,००० रुपये एका खिशात जातात. मापात पाप म्हणतात ते हे.

पण आज आम्ही नुसती व्यापाऱ्याची चुगली करायला आलेलो नाही. आपल्या अंगणातही पाहू.

गावात दोन शेजारी आहेत असे धरा. दोघांचाही १० क्विंटल कापूस. पहिल्याने कोरडा, स्वच्छ कापूस नेला. दुसऱ्याने रात्री गंजीवर पाणी मारले. त्याचे वजन झाले १० क्विंटल ३० किलो. त्या दिवशी भाव ७,००० होता. दुसऱ्याला ३० किलो पाण्याचे २,१०० रुपये जास्त मिळाले. घरी येऊन त्याने मिशीला ताव दिला.

पण खरेदीदार काय मूर्ख आहे? जिनात ओला कापूस तापला. पिवळा पडला. सरकी खराब झाली. खरेदीदाराने गाठ मारली की या गावाच्या कापसात पाणी असते. पुढच्या वेळी त्याने त्या गावच्या सगळ्यांचाच भाव २०० रुपयांनी पाडला. आता भाव ६,८००. दुसऱ्याने पुन्हा पाणी मारले. १० क्विंटल ३० किलोचे त्याला ७०,०४० रुपये मिळाले. कोणीच पाणी मारले नसते आणि भाव ७,००० राहिला असता, तर त्याला कोरड्या कापसाचे ७०,००० मिळालेच असते. म्हणजे रात्रीचे जागरण, घागरी ओतणे, मनाची धाकधूक, आणि हाती आले ४० रुपये!

आणि पहिला शेजारी? ज्याने काहीच केले नाही, त्याला मिळाले ६८,०००. त्याचे २,००० रुपये गेले. ते चोराने नेले नाहीत. शेजाऱ्याच्या घागरीत वाहून गेले.

आता पुढच्या वर्षी हा पहिला शेजारी काय करील? बायको म्हणेल, "तुम्ही एकटेच हरिश्चंद्र होऊन काय मिळवलं? सारं गाव पाणी मारते." तोही घागर उचलील. मग भाव आणखी पडेल. बेइमानी अशी पसरते. वाईट माणूस ती सुरू करतो. पण चांगला माणूस थकतो तेव्हा ती गावभर होते.

म्हणून "सचोटीने राहा म्हणजे भले होईल" असे आम्ही तुम्हाला सांगत नाही. एकट्याचे भले होईलच असे नाही. एकट्या इमानदाराचे नुकसान होते, ते आत्ताच हिशेबात पाहिले. त्याला मूर्ख म्हणू नका. त्याला सोबत द्या. सोबत म्हणजे काय? मालाची परीक्षा प्रत्येकाची वेगळी झाली पाहिजे. आज ओलावा मोजायचे यंत्र आहे. कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण भाव देते. त्यापुढे ओलाव्याच्या प्रमाणात भाव कापते. १२ टक्क्यांवर गेला तर कापूस घेत नाही. यंत्राने शेजाऱ्याचे पाणी शेजाऱ्याच्याच पदरात पडते. कोरड्या कापसाच्या माणसाला त्याचे मोल मिळते. मात्र यंत्रावरचा आकडा आपल्याला वाचता आला पाहिजे. "बारा आला" असे कोणी म्हटले, तर मान वर करून पाहता आले पाहिजे.

व्यापारात नाव कमवायला पिढ्या लागतात. आपल्या खामगावची चांदी शुद्धतेसाठी नावाजलेली आहे. लोक तिला रजतनगरी म्हणतात. बाहेरगावचा माणूस दूरवरून येऊन इथे चांदी घेतो, तो काही तिथे खाण आहे म्हणून नव्हे. चांदी बाहेरूनच येते. खामगावची म्हणून जी वस्तू आहे ती फक्त खात्री. खात्रीला वजन नाही, पण तिच्यावर बाजारपेठ उभी आहे.

पैशाचा व्यवहार तर साराच खात्रीचा. आपण पतसंस्थेत पैसे ठेवतो आणि पुस्तकावर एक ओळ लिहून घेतो. पैसे देऊन ओळ घेतली! केवढा हा विश्वास. १९८६ साली बुलढाण्यात राधेश्याम चांडक आणि त्यांच्या सोबत्यांनी बुलढाणा अर्बन ही पतसंस्था काढली. लहानशी होती, पुढे राज्याबाहेरही तिच्या शाखा गेल्या. गोदामात ठेवलेल्या शेतमालावर कर्ज, हे तिचे काम शेतकऱ्याच्या ओळखीचे आहे. दुसरीकडे २०१२ साली रिझर्व्ह बँकेने बुलढाणा, वर्धा आणि नागपूर या तीन जिल्हा मध्यवर्ती बँकांना नव्या ठेवी घ्यायला मनाई केली. कर्जे थकली होती. स्वतःचेच पैसे मिळेनात म्हणून माणसे खेटे घालत होती. कोणाच्या घरी लग्न, कोणाच्या घरी दवाखाना. पुढे सरकारने मदत दिली, म्हणजे सगळ्यांच्या खिशातून भरपाई झाली. या गोष्टीत कोणाचा किती दोष, ते इथे बसून ठरवता येणार नाही. पण दिलेले कर्ज परत आले पाहिजे, आणि ओळखीपाळखीवर नव्हे तर ऐपत पाहून दिले पाहिजे, ही दोन इमाने तुटली की बँक बुडते. एक इमान घेणाऱ्याचे. एक देणाऱ्याचे.

सरकारची गोष्ट वेगळी आहे. दुकानदाराने काटा मारला तर दुसऱ्या दुकानात जाता येते. तलाठ्याचे दुकान एकच असते.

जिजाऊ आपल्या सिंदखेड राजाच्या. १५९८ साली त्यांचा जन्म तिथे झाला. त्यांच्या मुलाने राज्य केले, तेव्हा चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना एक पत्र लिहून पाठवले होते. सुमारे साडेतीनशे वर्षे झाली त्याला. लढाईचे पत्र नाही ते. गवताचे, लाकडाचे, भाजीचे पत्र आहे. छावणीतला दाणावैरणीचा साठा जपून वापरा. तो आधीच संपवलात तर तुमचे शिपाई गावात घुसतील. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी भाजी. मग रयत म्हणेल, याहून मोगल बरे. काही हवे असेल तर बाजारातून पैसे देऊन घ्या. असा त्याचा भाव आहे. पाहा मंडळी, राजाने शिपायांना नुसते चोरी करू नका असे सांगितले नाही. साठा पुरवा, म्हणजे चोरीची वेळ येणार नाही, हे आधी सांगितले. इमान राखायचे तर त्याची तजवीजही करावी लागते.

ही तजवीज चुकली की चांगला हेतूही वाया जातो. १९७२ साली महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. सगळा कापूस सरकारने घ्यायचा, मधला दलाल नाही, भाव आधी जाहीर. हेतू शेतकऱ्याच्या भल्याचा. पण बाहेर भाव चढला की इकडचा कापूस सीमेपलीकडे जाई. जळगाव जामोद ओलांडले की मध्य प्रदेश काही लांब नाही. बाहेर भाव पडला की तिकडचा कापूस इकडे येई आणि सरकारच्या काट्यावर चढे. प्रत लावण्यातही ओळख चाले, अशा तक्रारी होत. योजना तोट्यात गेली आणि तीस वर्षांनंतर तिचा एकाधिकार संपला. सरकार आपले, असे म्हणायचे आणि सरकारचा पैसा मात्र परका समजायचा. ही खोड अधिकाऱ्यांची आहे आणि आपलीही आहे.

"सरकारी काम आणि सहा महिने थांब" असे आपण म्हणतो. त्याला एक उत्तर आता आपल्या हातात आहे. २००५ साली देशाला माहितीचा अधिकार मिळाला. महाराष्ट्राने असा कायदा त्याआधीच, २००२ साली केला होता. रस्त्याला किती पैसा आला, विहिरीच्या यादीत कोणाचे नाव आहे, हे साध्या कागदावर लिहून विचारता येते. फी १० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. ज्याला लिहिता येते, त्याचा हा धरमकाटा. रागाने लिहू नका. "फलाण्याने पैसे खाल्ले" असे लिहू नका. "अमुक कामाच्या बिलाची नक्कल द्यावी" एवढेच लिहा. नक्कल आपोआप बोलते.

बायाबापड्यांनी एक गोष्ट केव्हाच करून दाखवली आहे. बचत गटाची बैठक बसते, तेव्हा वही मोठ्याने वाचतात. कोणी किती भरले, कोणी किती नेले, सगळ्यांसमोर. कोणी कोणावर संशय घेतला असे होत नाही. वाचायचेच असते म्हणून वाचतात. ग्रामपंचायतीचा हिशेब असा किती गावांत वाचला जातो? ग्रामसभा होते तेव्हा पुरुषमंडळी भाषण ऐकतात, चहा घेतात आणि सही करून घरी जातात.

शेगावचे गजानन महाराज संस्थान तुम्ही पाहिले आहे. १९०८ सालची ही संस्था. तिथली स्वच्छता आणि व्यवस्था पाहून बाहेरचे लोक चकित होतात. हजारो सेवेकरी पाळीपाळीने येऊन पगाराशिवाय काम करतात. शिवशंकरभाऊ पाटील यांनी अनेक वर्षे हा कारभार पाहिला. ते २०२१ साली वारले. संस्थानाचे काही आपल्या घरी जाऊ नये याबद्दल ते फार कडक होते, असे त्यांना ओळखणारे सांगतात. आम्हाला त्यातली एक गोष्ट मोठी वाटते. सेवेकऱ्याला पाहायला कोणी मागे उभे राहत नाही, तरी फरशी पुसली जाते. देवाच्या दारी होते ते तहसिलीत का होऊ नये? कोणी म्हणेल, तिथे भक्ती आहे. बरोबर. पण तहसिलीत पगार आहे.

बरे, वेळ झाली. दिवे लावायची वेळ, गुरांच्या धारा व्हायच्या आहेत. एक काम सांगून थांबतो.

पुढच्या बैठकीला येताना घरातली एक पावती आणा. कापसाची पट्टी आणा, सोयाबीनची आणा, खताच्या दुकानाची आणा. जुनी असली, चुरगळलेली असली तरी चालेल. फळ्यावर आपण तिच्या ओळी लिहू. वजन कोणत्या ओळीत आहे, भाव कोणत्या ओळीत, कपात किती ठिकाणी झाली, ते प्रत्येकाने स्वतः वाचायचे. बेरीज-वजाबाकी करायची. काही पट्ट्या बरोबर निघतील. त्या दुकानदाराचे नावही आपण सगळ्यांना सांगू. आणि ज्यांच्या घरी लहान काटा आहे, दूध, भाजी, तूर काहीही मोजायचा, त्यांनी तोही आणा. वजनावर आणि काट्यावर सरकारी मोहोर असते, ती कुठे असते ते दाखवू. नसेल तर ती कुठे मारून मिळते तेही सांगू.

खडू आमच्याकडे आहे. पट्ट्या तुम्ही आणा.